सातवाहन सत्तेची पुनर्स्थापना : नाशिक लेण्यांतील तीन अभिलेख

प्रस्तावना :
प्राचीन इजिप्तच्या राजांची घराण्यांनुसार विभागणी इ. स. पूर्व ३ ऱ्या शतकातील मॅनेथो या पुरोहिताच्या ग्रंथावरून रूढ झाली. सातवाहनांबाबत तेच कार्य पुराणांतील आंध्र राजांच्या वंशावळींनी केले. तथापि वंशावळीतून राजांचा क्रम कळतो. सत्तेचे वास्तव स्वरूप कळत नाही. त्यासाठी समकालीन अभिलेखच पाहावे लागतात. हरसूल परिसरातील अभ्यासकांना अशी साधने जवळच, नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील लेणे क्रमांक ३ मध्ये उपलब्ध आहेत.

प्रशस्ती आणि नाणी :
वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातील लेखात त्याची आजी गौतमी बलश्री आपल्या पुत्राचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, गौरव करते. त्याने क्षहरात वंशाचा उच्छेद करून सातवाहन कुलाचे यश पुनःस्थापित केले, असे ती सांगते. प्रशस्तीत अतिशयोक्ती असणे स्वाभाविक आहे. परंतु येथे नाण्यांचा पुरावा तिला दुजोरा देतो. १९०६ मध्ये जोगलटेंभी येथे क्षहरात राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा उमटवलेला आहे.

विजयाची दुसरी बाजू :
याच लेण्यातील गौतमीपुत्राचे दोन आदेश मात्र निराळे चित्र दाखवतात. १८ व्या राज्यवर्षी विजयी सैन्याच्या छावणीतून त्याने गोवर्धन येथील अमात्यास आज्ञा केली, की नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेली २०० निवर्तने जमीन भिक्षूंना द्यावी. २४ व्या वर्षीच्या आदेशात राजासोबत राजमातेचेही नाव आहे. पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही व गाव वसलेले नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय मालकीच्या शेतातून १०० निवर्तने द्यावीत, असे त्यात म्हटले आहे.

निष्कर्ष :
शत्रूचा पराभव झाला, नाणी बदलली. परंतु ओसाड गाव केवळ आज्ञेने वसले नाही. मातृनाम धारण करणाऱ्या या घराण्यात सिंहासन सामान्यतः पित्याकडून पुत्राकडे जात असले, तरी राजमातेचा कारभारातील सहभाग या आदेशातून स्पष्ट होतो. राजवंशाचा इतिहास लिहिताना प्रशस्तीइतकेच महत्त्व अशा प्रशासकीय नोंदींना देणे आवश्यक आहे.