हवामान-वित्त व्यवसाय (दिंद्रुड परिसर)

हवामान-वित्त : हवामानबदल रोखणाऱ्या किंवा त्याची झळ सोसायला मदत करणाऱ्या कामांसाठी पैसा उभा करणे, तो योग्य प्रकल्पाला देणे आणि त्यातून काय साधले ते मोजणे, हा व्यवसाय. हरित उद्योगांची उभारणी ही त्याची जोडशाखा. हा पेशा मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातला समजला जातो. त्यातली खरी कोडी मात्र बीड जिल्ह्यात, तेलगाव-परळी रस्त्यावरच्या दिंद्रुडच्या (ता. माजलगाव) आसपास दिसतात. एका बाजूला तेलगावचा साखर कारखाना, दुसऱ्या बाजूला परळीचे औष्णिक वीज केंद्र, आणि मधे पावसावर डोळे लावून बसलेली शेती.

साखर कारखान्याचा ‘हरित’ हिशेब कागदावर सरळ असतो. गाळपानंतर उरलेला बगॅस बॉयलरमध्ये जाळून वीज करायची आणि मळीपासून इथेनॉल. केंद्र सरकारने 2018 मध्ये इथेनॉल प्रकल्पांच्या कर्जावर व्याज सवलत दिली, तेव्हा बँकांनाही हा धंदा भरवशाचा वाटू लागला. पुढे 7 डिसेंबर 2023 रोजी साखरटंचाईच्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली. ती आठवड्याभरात काहीशी शिथिल झाली; पण तोवर हंगाम सुरू झालेला होता आणि कर्जाचे हप्ते काही थांबत नसतात. सरकारी धोरण एका दिवसात फिरले तर प्रकल्प तग धरेल का, हे कर्ज देण्याआधी पाहणे हेच या व्यवसायातले मुख्य कौशल्य.

दुसरे कोडे पाण्याचे. गोदावरीत पाणी उरले नाही म्हणून परळीचे वीज केंद्र 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, पाणी नव्हते. कर्ब उत्सर्जनाचे टन मोजणाऱ्या अहवालात हा धोका सहज निसटतो. ऊस तर पाणी पिणारे पीक. त्याच्या इथेनॉलला ‘हरित’ म्हणताना लिटरमागे किती पाणी गेले हा रकाना दुष्काळी जिल्ह्यात तरी असायला हवा. प्रस्तुत नोंदकाराच्या मते तो कर्बाच्या रकान्याआधी हवा.

शेतीकडे आलेल्या हवामान-निधीचे जवळचे उदाहरण म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, लोकांच्या तोंडी ‘पोकरा’. जागतिक बँकेने त्यासाठी 2018 मध्ये 42 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. पहिल्या टप्प्यात 15 जिल्हे होते, त्यांत बीडही. ठिबक, तुषार, शेततळे, शेडनेट यांसाठीचे अनुदान थेट खात्यावर येई. पण काम पूर्ण झाल्यावर. म्हणजे आधी पदरचा पैसा घालायचा. ज्याच्या पदरी तो नाही, त्याच्यापर्यंत योजना पोचवायची कशी, हा वित्ताचाच प्रश्न आहे, कृषिखात्याचा नुसता नव्हे.

हा पैसा पोचवणाऱ्या संस्थांपैकी मुंबईस्थित नाबार्ड (राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक) महत्त्वाची. 2012 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय अनुकूलन निधीची, तर 2015 मध्ये हरित हवामान निधीची मान्यता मिळाली. भारत सरकारने 2023 च्या जानेवारी-फेब्रुवारीत दोन हप्त्यांत 16,000 कोटी रुपयांचे पहिले सार्वभौम हरित रोखे विकले. त्याच वर्षी जूनमध्ये कर्ब-पत व्यापार योजना, म्हणजे ठरल्यापेक्षा कमी उत्सर्जन करणाऱ्याला मिळालेली पत विकू देणारी योजना, अधिसूचित झाली. उत्सर्जनाची मर्यादा पाळणे जिथे बंधनकारक, त्या सुरुवातीच्या 9 क्षेत्रांत सिमेंट, पोलाद, कागद आहेत, साखर नाही.

या क्षेत्रात यायला एकच ठरलेली पदवी नाही. वाणिज्य, अभियांत्रिकी, कृषी, अर्थशास्त्र अशा कोणत्याही शाखेतून वाट फुटते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा कारखान्यांच्या कामात उपयोगी पडते. आयआयटी मुंबईत हवामान अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र आहे. ऊस पट्ट्यात वाढलेल्या मुलाला एक गोष्ट फुकट मिळालेली असते : गाळप किती दिवस चालेल याचा अंदाज तो धरणातला पाणीसाठा पाहून बांधतो. बँकेतल्या नव्या अधिकाऱ्याला तेच कोष्टके मांडून शिकावे लागते.