गडावरची तालीम

दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी अली आणि गुलाब या निजामाच्या मुलखातील पहिलवानांनी दिलेले आव्हान तरुण बाळंभटदादा देवधरांनी स्वीकारले, मुदत मागून घेतली आणि नाशिक प्रांतातील सप्तशृंगी गडावर जाऊन त्या एकाच ध्येयास्तव शरीर घडविले, असे परंपरा सांगते. तेथे साक्षात मारुतीने त्यांस मल्लखांब शिकविला, ही श्रद्धाही तिच्यातलीच. पुढे अली पराभूत झाला. मला मात्र त्या साधनेचे मर्मच अधिक मोलाचे वाटते: एरंडेल चोळलेल्या, वर निमुळत्या होत गेलेल्या लाकडी खांबास मांड्यांची तिढी घालून स्वतःचाच सारा भार तोलावयाचा असल्याने अंगावरील अनावश्यक मेद तेथे क्षणभरही लपत नाही. नाशकातील यशवंत व्यायामशाळेने ही विद्या जतन केली आहे. वजन उतरविण्याचा संकल्प करणाऱ्यांनी प्रथम तेथील सराव अवश्य पाहावा.