एक इंजिन, तीन प्रतिस्पर्धी

जुन्नर आणि आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात, महागणपतीच्या रांजणगावात, मोटारनिर्मितीच्या जागतिकीकरणाचा ठळक पुरावा सापडतो. इटलीच्या फियाट कंपनीचा येथील कारखाना 2007 मध्ये फियाट आणि टाटा मोटर्सच्या संयुक्त भागीदारीत आला. बाजारात प्रतिस्पर्धी असलेल्या या कंपन्यांच्या गाड्या एकाच आवारात तयार होऊ लागल्या.

भागीदारीचा गाभा होता 1.3 लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन. फियाट आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्सने ते मिळून विकसित केले होते. रांजणगावात ते फियाटच्या लिनिया व पुंटोत, तसेच टाटाच्या इंडिका व्हिस्टात बसू लागले. डिझेल गाड्यांची मागणी वाढल्यावर 2012 मध्ये मारुती सुझुकीनेही वर्षाला एक लाखापर्यंत इंजिने येथून घेण्याचा करार केला. नवे इंजिन विकसित करण्याचा खर्च प्रचंड असतो. उत्पादन वाढले की तो विभागला जातो. या हिशेबापुढे स्पर्धा बाजूला राहिली.

पुढे फियाटच्या गाड्या भारतीय बाजारातून गेल्या. मात्र 2017 पासून रांजणगावातच जीप कंपास तयार होऊ लागली आणि उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या परदेशी बाजारपेठांकडेही येथून रवाना झाली. 2020 मध्ये वाहनांच्या प्रदूषणाचे बीएस-6 निकष लागू झाल्यावर त्या डिझेल इंजिनाचा काळ संपला. कारखान्यातील भागीदारी मात्र टिकली.