वडशाच्या मिलमधली काजळी

नॅरो गेजची गाडी वडशाला थांबते, तुम्ही उतरता. साल 1957, डिसेंबर. जिल्हा चांदा, राज्य द्विभाषिक मुंबई. तुम्ही कारखाना निरीक्षक आहात. 1948च्या कारखाना कायद्याचं नववं कलम तुम्हाला परवानगी न मागता आत सोडतं. पण स्टेशनावर अनोळखी साहेब उतरला की मिलवाल्यांना ते तुमच्याआधी कळतं. कायदा करणाऱ्यांनी वडसा पाहिलं नसावं.

राईस मिलमध्ये हलरची घरघर, नाकातोंडात कोंडा. फिरत्या पट्ट्याला कठडा नाही, नोंदवता. हजेरीबुक मागता. त्यात रेजांची, म्हणजे मजूर बायकांची, सुटी रोज संध्याकाळी सहाला. बायकांना सातनंतर कामावर ठेवता येत नाही, हे बुक लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. मात्र धान पाखडायच्या जागेवर, भिंतीला कंदिलाची ताजी काजळी आहे.

"रातच्यालाही थांबतो जी," एक रेजा पुटपुटते. "पन माझं नाव नोका घेऊ."

दाराशी मुकादम उभाच. "साहेब, कोनं सांगतलं?"

तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून एक गोष्ट जाणता. तक्रारदाराचं नाव फोडायचं नाही, तपासणी तक्रारीवरून झाली हेही मालकाला कळू द्यायचं नाही, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 81 क्रमांकाचा करार सांगतो. भारताने तो 1949 सालीच मान्य केला. कारखाना कायद्यात मात्र तसं कलम, 118-अ, यायला 1987 उजाडणार आहे. तोवर ही बाई तुमच्या भरवशावर.

अहवाल तर द्यायचाच आहे. त्याच करारानुसार भेटी, गुन्हे, शिक्षा, अपघात यांचे आकडे देशाच्या वार्षिक अहवालात जातात. वर्ष संपल्यावर बारा महिन्यांत तो छापायचा, त्यानंतर तीन महिन्यांत प्रत संघटनेकडे जिनिव्हाला. तिथे ही मिल म्हणजे फार तर एक आकडा. 2014नंतर काही तपासण्यांसाठी आस्थापना संगणक निवडेल, 2025च्या नोव्हेंबरात तुमचं पदनाम निरीक्षकासोबत 'सुविधाकर्ता' असंही होईल. माझ्या मते या दोन्हींपेक्षा 118-अ मोठं, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी.

तुम्ही शेऱ्यात रेजेचं वाक्य लिहीत नाही. काजळी लिहिता: जागा, उंची, वेळ. शेटजींचा चहा नाकारता. मग शेजारच्या दोन्ही मिलमध्येही शिरता आणि तिथलीही हजेरीबुकं मागवता.