घटस्फोट आणि विवाहाधारित वास्तव्य हक्क (अमेरिका)

अमेरिकेत विवाहामुळे मिळालेला कायम वास्तव्याचा हक्क, म्हणजेच ग्रीन कार्ड, घटस्फोट होताच संपुष्टात येतो, ही समजूत चुकीची आहे. विवाह किती काळ टिकला यापेक्षा तो खऱ्या हेतूने झाला होता का, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो. मात्र घटस्फोट कोणत्या टप्प्यावर झाला, यावर परिणाम बदलतो.

सशर्त वास्तव्य

केवळ वास्तव्यासाठी केल्या जाणाऱ्या बनावट विवाहांना आळा घालण्यासाठी १९८६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार हक्क मिळताना विवाहाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसल्यास तो दोन वर्षांपुरता सशर्त असतो. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पती-पत्नीने आय-७५१ हा अर्ज संयुक्तपणे करावा लागतो.

घटस्फोट झाल्यास जोडीदाराच्या स्वाक्षरीविना एकट्याने अर्ज करून सवलत मागता येते. मूळ तरतुदीत ही सवलत, परदेशी जोडीदाराने स्वतःच सबळ कारणाने विवाह संपवला असेल तरच मिळे. त्यामुळे छळ सोसूनही घटस्फोटासाठी पुढाकार न घेतलेल्या किंवा जोडीदाराने टाकलेल्या व्यक्तीची कोंडी होत असे. १९९० मध्ये ही अट वगळण्यात आली आणि मारहाण किंवा अतोनात क्रौर्य हा सवलतीचा स्वतंत्र आधार ठरला. त्यासाठी घटस्फोट झालेला असणे आवश्यक नाही.

घटस्फोटाच्या आधारावरील सवलतीसाठी न्यायालयाचा अंतिम हुकूमनामा लागतो. नुसते विभक्त राहणे पुरेसे नसते. दावा रेंगाळला आणि कार्डाची मुदत संपत आली, तर अर्जदार अडचणीत येतो. विवाहाच्या खरेपणासाठी संयुक्त बँक खाते, घरभाड्याचा करार, विमा, करविवरणपत्रे, अपत्यांचे जन्मदाखले इत्यादी पुरावे दिले जातात.

इतर टप्पे

दहा वर्षांचे कार्ड मिळाल्यानंतरच्या घटस्फोटाने सामान्यतः हक्क जात नाही. मात्र नागरिकाशी विवाह करून एकत्र राहणाऱ्यांना तीन वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करण्याची जी मुभा असते ती संपते आणि पाच वर्षांचा सर्वसाधारण नियम लागू होतो. याउलट, विवाहावर आधारलेला अर्ज मंजूर होण्यापूर्वीच घटस्फोट झाल्यास तो सहसा फेटाळला जातो.

अवलंबित व्हिसा

अनेक भारतीय कुटुंबांना परिचित असलेला एच-४ व्हिसा हा एच-१बी धारकाच्या जोडीदाराला व अपत्यांना मिळतो. येथे वरीलप्रमाणे सवलत नाही: हुकूमनामा होताच जोडीदाराचा दर्जा संपतो आणि विद्यार्थी व्हिसासारखा दुसरा आधार नसल्यास देश सोडावा लागतो. एच-१बी धारकाच्या स्वतःच्या अपत्यांचा दर्जा मात्र कायम राहतो. त्यामुळे मूल अमेरिकेत राहू शकते, पण आई किंवा वडील राहू शकत नाहीत, अशी स्थिती उद्भवते.

भारतातील मान्यता

अमेरिकेतील हुकूमनामा भारतात मान्य होईलच असे नाही. वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकटलक्ष्मी या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मिसुरी राज्यातील न्यायालयाने दिलेला घटस्फोट अमान्य ठरवला. विवाह ज्या कायद्याखाली झाला, त्या कायद्यातील कारणावरच परदेशी न्यायालयाचा घटस्फोट सामान्यतः ग्राह्य धरला जातो; दोन्ही पक्षांनी त्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र स्वेच्छेने स्वीकारून संमती दिली असल्यास याला अपवाद आहे.