श्रीमंत संघ, हिशेबाची वही आणि प्रेक्षकांचा संशय



फुटबॉलच्या खेळाविषयी बोलावयाचे आणि आरंभ साखर कारखान्यापासून करावयाचा, हे आपणांपैकी कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात कासारसाई नावाचे गाव आहे. तेथील धरण पुष्कळांनी पाहिले असेल. कासारसाई-दारुंब्रे येथील श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याचे नावही ऐकले असेल. ह्या गावापासून एकीकडे गहुंजे येथील क्रिकेटचे मैदान आणि दुसरीकडे म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल, दोन्ही फार दूर नाहीत. श्रीमंत संघांच्या खर्चावर घातलेल्या बंधनांविषयी सामान्य प्रेक्षकाच्या मनात जो संशय असतो तो समजून घेण्यास ह्या तिन्ही जागा उपयोगी पडतील. आणि माझ्या मते त्यांत कारखाना सर्वांत अधिक.

साखरेच्या धंद्यात अंतराची एक अट आहे. एका कारखान्याच्या जवळ दुसरा उभा राहू नये म्हणून केंद्र सरकारने २००६ मध्ये किमान १५ किलोमीटरांचे हवाई अंतर ठरविले. महाराष्ट्राने पुढे ते २५ किलोमीटरांपर्यंत नेले. प्रत्येक कारखान्यास पुरेसा ऊस मिळावा, एकमेकांचा ऊस पळविण्याच्या चढाओढीत दोघेही बुडू नयेत, हा त्यामागील हेतू. हेतूत खोट काढण्यासारखे काही नाही. तरीही ऊस पिकविणाऱ्यांच्या संघटना ह्या अटीविरुद्ध वर्षानुवर्षे तक्रार करीत आल्या आहेत, आणि २०१२ मध्ये डॉ. सी. रंगराजन ह्यांच्या समितीनेही ती काढून टाकावी असेच सुचविले. शेतकऱ्याचे म्हणणे थोडक्यात असे की, ही अट नव्याला अडविते, जुन्याला नाही. जो आधी येऊन बसला त्याच्याभोवती ते कुंपण होते, आणि कुंपणाच्या आत भाव कोणी वाढवून द्यावयाचा?

आता हेच म्हणणे मँचेस्टरच्या प्रेक्षकाच्या तोंडी घालून पाहा. युरोपीय फुटबॉल संघटनेने, म्हणजे युएफाने, २०१० मध्ये असा नियम केला की, संघाने आपल्या मिळकतीच्या मानाने खर्च करावा; धन्याने पदरचा पैसा ओतून तूट भरून काढण्यास ठराविक मर्यादा असावी. संघ कर्जात बुडत होते, खेळाडूंचे पगार थकत होते. तेव्हा नियम निष्कारण नव्हता. परंतु ज्या संघांची मैदाने मोठी, कीर्ती जुनी आणि मिळकत अफाट, त्यांना ह्या नियमाचा काच तो कितीसा? ज्यास आज नव्याने वर यावयाचे आहे त्याच्या वाटेत मात्र तो आडवा येतो. मँचेस्टर सिटी हा संघ २००८ मध्ये अबू धाबीच्या शेख मन्सूर ह्यांनी घेतला आणि त्यात अमर्याद पैसा ओतला. २०१४ मध्ये युएफाने त्यास ६ कोटी युरोंचा दंड केला. त्यांतील ४ कोटी अटींवर राखून ठेवले. तेव्हापासून युरोपीय सामन्यापूर्वी स्पर्धेचे गीत सुरू झाले की ह्या संघाचे प्रेक्षक हुर्यो उडवितात, हे दृश्य नित्याचे झाले. २०२० च्या फेब्रुवारीत दोन वर्षांची बंदी आणि ३ कोटींचा दंड झाला. जुलैत क्रीडा लवाद न्यायालयाने बंदी उठविली व दंड १ कोटीवर आणला. प्रेक्षक म्हणाले, पाहा, आमचे खरे ठरले! प्रतिस्पर्धी संघांचे प्रेक्षकही तितक्याच खात्रीने म्हणाले की, श्रीमंताला महाग वकील परवडतो, एवढेच ह्यातून सिद्ध झाले. एका निकालातून दोन्ही पक्षांचा अविश्वास वाढावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

इतिहासात मागे गेले की ह्या भांडणाचे मूळ चांगले खोल असल्याचे दिसते. १८८४ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंड ह्या गिरणगावच्या संघाविरुद्ध लंडनच्या अप्टन पार्क संघाने तक्रार केली की, हे लोक खेळाडूंना पैसे देतात. प्रेस्टनचे चालक विल्यम सडेल ह्यांनी ते नाकारले तर नाहीच, उलट दुसरेही देतात असे सांगून टाकले! संघ चषकाच्या स्पर्धेतून बाद झाला. उत्तरेकडील गिरणी कामगारांच्या दृष्टीने हा नियम म्हणजे ज्यांस पोटाची चिंता नाही अशा सद्गृहस्थांनी, ज्यांस ती आहे त्यांच्यासाठी केलेला होता. उत्तरेच्या संघांनी वेगळी संघटना काढण्याची धमकी दिली आणि १८८५ च्या जुलैत पैसे देणे कायदेशीर झाले. प्रेस्टनने १८८८-८९ मध्ये पहिली लीग एकही सामना न गमावता जिंकली. येथवर कथा उत्तरेकडच्यांना गोड वाटावी अशी आहे. पुढचे पान तितकेसे गोड नाही. सडेल ज्या कापड गिरणीचे व्यवस्थापक होते तिच्या पैशाच्या अपहाराबद्दल १८९५ मध्ये त्यांस तुरुंगवास घडला. त्यांतील कित्येक पैसा संघावर खर्च झालेला होता. तेव्हा नियम करणारे अहंमन्य होते हे खरे, आणि त्यांना वाटणारी भीती निराधार नव्हती हेही खरे.

१९०१ मध्ये इंग्लंडात खेळाडूच्या पगारावर आठवड्यास ४ पौंडांची कमाल मर्यादा बसली. ती वाढत वाढत २० पौंडांवर येऊन १९६१ च्या जानेवारीत रद्द झाली, म्हणजे साठ वर्षे टिकली. ह्या मर्यादेतील सर्वांत गाजलेला खटला कोणाचा, तर ह्याच मँचेस्टर सिटीचा. १९०४ मध्ये ह्या संघाने चषक जिंकला. पुढच्याच वर्षी त्याचा विख्यात खेळाडू बिली मेरेडिथ ह्याच्यावर प्रतिस्पर्ध्यास लाच देऊ केल्याचा ठपका येऊन बंदी आली. संघाने हात झटकले, तेव्हा मेरेडिथने संघाचे गुप्त व्यवहार उघडे केले. १९०६ मध्ये चौकशी होऊन १७ खेळाडूंवर वर्षअखेरपर्यंत बंदी आली, दंड झाले, आणि त्यांपैकी कोणी पुन्हा त्या संघातून खेळू नये असे ठरले. मर्यादेबाहेर पैसे देणारा हा एकच संघ होता, असे तेव्हा इंग्लंडात कोणी मानीत नव्हते. मेरेडिथसह चार खेळाडू उचलले कोणी? शेजारच्या मँचेस्टर युनायटेडने. आणि १९०८ मध्ये युनायटेड लीगचे विजेते झाले. ज्या गावात आजोबांनी नातवाला ही हकीकत सांगितली असेल, तेथे नियामकांविषयी आदर कोठून यावा?

अलीकडचे उदाहरण एव्हर्टनचे. हा संघ अबू धाबीच्या धन्याचा नव्हे, नुसता ढिसाळ कारभाराचा. २०२३ च्या नोव्हेंबरात तुटीची मर्यादा ओलांडल्याबद्दल त्याचे १० गुण कापले गेले. अपिलात ते ६ झाले. २०२४ च्या एप्रिलमध्ये आणखी २ गेले. नोव्हेंबरातील पहिल्या कपातीनंतरच्या पुढच्याच सामन्यास हजारो प्रेक्षकांनी लीगचे चिन्ह आणि 'भ्रष्ट' असा शब्द छापलेले गुलाबी फलक उंचावले. त्यांचा मुख्य रोष असा होता की, मँचेस्टर सिटीवर शंभराहून अधिक आरोप २०२३ च्या फेब्रुवारीतच ठेवले गेले असून त्यांची सुनावणीही सुरू झाली नव्हती, आणि आमचा निकाल मात्र लागलाही. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इंग्लंडच्या ह्या लीगचे भागधारक म्हणजे त्यात खेळणारे वीस संघच होत. त्यांतील चौदांनी होकार दिला की नियम होतो. म्हणजे कारखान्यांनीच आपसांत बसून अंतराची अट ठरवावी, तसे हे आहे.

आपल्याकडे ह्या प्रश्नाने कोणते रूप घेतले? गहुंजेचे मैदान त्याची साक्ष देईल. खेळ क्रिकेटचा आहे. पण व्यवहार तोच. २०१० मध्ये सहारा समूहाने पुण्याचा संघ ३७ कोटी डॉलर्स, म्हणजे सुमारे १,७०० कोटी रुपये, इतक्या विक्रमी बोलीने घेतला. २०१२ च्या एप्रिलमध्ये मैदानाचे उद्घाटन झाले आणि त्यास समूहाच्या प्रमुखांचे नाव मिळाले. ठरल्यापेक्षा सामने कमी मिळाले, म्हणून शुल्कात सूट द्यावी, असा सहाराचा आग्रह. पैसे न आल्यामुळे मंडळाने २०१३ च्या मे महिन्यात बँकेची हमी वठविली. सहाराने संघ सोडल्याचे जाहीर केले. आणि ऑक्टोबरात मंडळाने करारच संपविला. पुढे मैदानावरील ते नावही उतरले.

मंडळाने हमी मागण्यात चूक केली काय? मला तसे वाटत नाही. सहाराच्या दोन कंपन्यांनी गुंतवणूकदारांचे हजारो कोटी परत करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या ऑगस्टमध्येच दिलेला होता. अशा ऋणकोकडून हमी न घेणे हाच वेडेपणा ठरला असता. पण ही हमी मागणाऱ्या मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष एन. श्रीनिवासन हे ज्या इंडिया सिमेंट्स कंपनीचे सूत्रचालक, तिच्याच मालकीचा चेन्नईचा संघ त्याच स्पर्धेत खेळत होता. मंडळाच्या पदाधिकाऱ्यास मंडळाच्या सामन्यांत व्यापारी हितसंबंध नसावा, असा नियम पूर्वी होता. २००८ मध्ये त्यास ह्या स्पर्धेपुरता अपवाद करण्यात आला, आणि तो अपवाद सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी २०१५ रोजी रद्द ठरविला. गहुंजेच्या पायऱ्यांवर बसलेल्या ज्या पुणेकरास हमीच्या त्या प्रकरणात काही काळेबेरे दिसले असेल, त्याचा तर्क कदाचित चुकलाही असेल. परंतु त्याने संशय घेतला म्हणून त्यास नावे कोणत्या तोंडाने ठेवावयाची? नियम योग्य होता. वही मात्र प्रतिस्पर्ध्याच्या हाती होती.

बालेवाडीची कथा ह्याहून अधिक चटका लावणारी आहे, कारण तेथे फुटबॉल खरोखर रुजू पाहत होता. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या त्या संकुलात २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने स्थापिलेला पुणे एफसी हा संघ खेळू लागला. दुसऱ्या श्रेणीतून खेळून, जिंकून तो २००९ मध्ये आय-लीगमध्ये आला, पहिल्याच हंगामात तिसरा आणि २०१२-१३ मध्ये दुसरा राहिला. मुलांसाठी त्याने प्रशिक्षणाची उत्तम व्यवस्था केली. इतके करूनही त्यास वर जाण्यास वाट उरली नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्येच व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटींना आयएमजी-रिलायन्सला दिले होते, आणि २०१४ मध्ये निघालेल्या नव्या लीगमध्ये प्रवेश मैदानावर जिंकून नव्हे, तर शुल्क भरून मिळत असे. त्या लीगमध्ये खेळाडूंच्या पगारावर मर्यादाही होती. पण मर्यादा ठरविणारा, सामने भरविणारा आणि ते विकणारा, हे बव्हंशी एकच घर होते.

मग काय झाले ते पाहा. २०१५ च्या आरंभी पुण्यात तीन मोठे संघ होते: पुणे एफसी, कल्याणी समूहाचा भारत एफसी आणि नव्या लीगमधील एफसी पुणे सिटी. त्याच वर्षी पहिले दोन मिटले; भारत एफसी तर एकच हंगाम खेळला. मग डीएसके शिवाजीयन्स आला, दोन हंगाम खेळून गेला. २०१९ मध्ये पुणे सिटीचा धनी समूह अडचणीत आला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. मुंबईत ह्याच्याही आधी, २०१० मध्ये, राष्ट्रीय विजेतेपद मिळविलेला महिंद्र युनायटेड असाच बंद पडला होता. गोव्यातील साळगांवकर, स्पोर्टिंग आणि धेंपो ह्या संघांनी २०१६ मध्ये महासंघाच्या नव्या योजनेच्या निषेधार्थ आय-लीग सोडली. परवाना देताना लेखापरीक्षित हिशेब पाहतात, थकबाकी पाहतात. उद्या धन्यास कंटाळा आला तर काय, ह्या प्रश्नाला मात्र त्या अर्जात रकाना नाही. खर्च अधिक झाला की शिक्षा आहे. संघच गुंडाळला तर नाही!

म्हणून मला वाटते की, प्रेक्षकाचा राग पैशावर मर्यादा असण्याबद्दल नाही. मुंबई सिटी संघाचा मोठा हिस्सा २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्याच धन्यांनी घेतला आणि २०२०-२१ मध्ये त्या संघाने लीगचे दोन्ही मान मिळविले, तेव्हा मुंबईकर प्रेक्षकांनी पैसा कोठला म्हणून तोंड वाकडे केले नाही. राग आहे तो आपल्या वाचून ठरविले जाण्याचा. कासारसाईच्या कारखान्याचा सभासद वार्षिक सभेत अहवालाची प्रत हातात घेऊन उभा राहतो आणि विचारतो, अमुक खर्च का झाला? त्यास उत्तर मिळतेच असे नाही, आणि सहकारात काय काय चालते हे आपण सारे जाणतो. तथापि त्यास एक मत आहे, आणि ते अध्यक्षांच्या मताइतकेच वजनाचे आहे. बालेवाडीच्या प्रेक्षकास ते नव्हते.

जर्मनीत ते आहे. तेथे १९९८ मध्ये संघांस कंपन्या काढू दिल्या, परंतु काही थोडे अपवाद वगळता बहुमत सभासदांच्या मंडळाकडेच राहावे अशी अट घालून. ह्या अटीमुळे जर्मन संघ पैशाच्या शर्यतीत मागे पडतात, अशी तक्रार तेथील कारभारी करितात, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. २०२३ च्या डिसेंबरात लीगने आपल्या प्रक्षेपण हक्कांच्या कंपनीतील हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदारास देण्याचा ठराव केला, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून एकामागून एक सामने थांबविले. हे आठवडेच्या आठवडे चालले. २०२४ च्या फेब्रुवारीत लीगने तो बेत सोडून दिला. चेंडू वेचण्याचे काम मात्र प्रत्येक वेळी मैदानावरील सेवकांना, आणि कधी कधी खेळाडूंनाही करावे लागले.