घराला पांघरूण

चैत्रातल्या उकाड्यात थंडीचा विषय काढणे थोडे विपरीत खरे. पण आपण ज्याला घर म्हणतो त्याचा एक हिशेब आपणांस सहसा करावा लागत नाही, आणि तो ब्रिटनमधील गरिबाला गेली पन्नास वर्षे करावा लागत आहे. घर ऊबदार ठेवावयाचे तर पैसा लागतो. तो नसेल तर एकाच खोलीत सर्वांनी बसावयाचे, किंवा जेवणात काटकसर करावयाची.

ज्या देशाच्या पोटात अमाप कोळसा होता, त्या देशात ही पाळी का यावी? याचे उत्तर घरांच्या बांधणीत आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी तेथे कामगारांसाठी चाळीसारख्या ओळींनी घरे उठली. त्यांच्या भिंती नऊ इंची, भरीव विटांच्या. छतावर पाटीच्या दगडाचे छप्पर, आणि छप्पर व छत यांमध्ये मोकळा माळा. एका खोलीत कोळशाची शेगडी धगधगे. तिला हवा हवी म्हणून दारे-खिडक्यांच्या फटी कोणी बुजवीत नसे. कोळसा स्वस्त होता तोवर हे चालून गेले. नंतरच्या काळात भिंती दुहेरी झाल्या. मध्ये चार बोटे पोकळी आली. पण ती पोकळी पावसाची ओल आत येऊ नये म्हणून होती, उबेसाठी नव्हे.

१९५२ च्या डिसेंबरात लंडनवर काळ्या धुक्याने मृत्यूचे सावट धरले. त्यातून १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि कोळशाची शेगडी हळूहळू मागे पडली. नगरपालिकांनी बांधलेल्या अनेक नव्या इमारतींत जमिनीखाली विजेच्या तारा घालून ऊब देण्याची सोय केली होती. मग १९७३ चा ऑक्टोबर आला. अरब-इस्रायल युद्ध पेटले, काही महिन्यांत तेल चौपट महागले, मागोमाग वीजही महागली. भाडेकरूंनी ती ऊब बंद केली, आणि न तापवलेल्या काँक्रीटच्या भिंतींवर बुरशी चढू लागली.

उपाय मुळात साधा होता. आपली घोंगडी का ऊब देते? तिच्या धाग्यांत हवा अडकून स्थिर राहते म्हणून. तसेच काचेच्या तंतूंचे जाड थर माळ्यावर अंथरावयाचे, दुहेरी भिंतीला बाहेरून भोके पाडून पोकळीत लोकरीसारखा माल भरावयाचा आणि फटी बुजवावयाच्या. १९७८ मध्ये कायदा करून सरकारने माळ्याच्या कामासाठी अनुदान दिले. मात्र ते खर्चाच्या एका भागाचेच होते. उरलेला भाग ज्याच्याजवळ नाही, त्याचा माळा उघडाच राहिला. योजना गरिबांच्या नावाने निघावी आणि लाभ मधल्या वर्गाने घ्यावा, हा प्रकार आपल्यालाही नवा नाही!

ही उणीव भरून काढली ती स्थानिक कार्यकर्त्यांनी. १९८१ मध्ये न्यूकॅसल येथे ‘नेबरहूड एनर्जी अ‍ॅक्शन’ ही संस्था निघाली. त्या भागात कारखाने बंद पडत होते. बेकार हातांना काम द्यावयाचे आणि त्याच हातांनी शेजारच्या म्हातारीचे घर झाकावयाचे, असा हा दुहेरी विचार होता.

त्याला शास्त्राचे बळ दिले ब्रेंडा बोर्डमन या विदुषीने. १९९१ च्या ‘फ्युएल पॉव्हर्टी’ या ग्रंथात तिने म्हटले की, पुरेशा उबेसाठी ज्या कुटुंबाला उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक खर्च करावा लागेल ते इंधन-दरिद्री समजावे. तिचा खरा मुद्दा पुढचाच आहे. हे दारिद्र्य नुसत्या पैशाचे नाही, ते घराचेही आहे. बिलासाठी दिलेली मदत दरसाल भिंतींतून निघून जाते. गळक्या रांजणात पाणी ओतण्यासारखेच ते. रांजण आधी सांधला पाहिजे.

२००० साली पार्लमेंटने इंधन-दारिद्र्य हटविण्याचा कायदा केला. त्याच वर्षी इंग्लंडात सुरू झालेल्या व पुढे ‘वॉर्म फ्रंट’ नावाने चाललेल्या योजनेने २०१३ पर्यंत सुमारे २३ लाख घरांना मदत केली. पण हिशेबनीस नाराज झाले. कागदावर जेवढी बचत दाखविली होती तेवढी प्रत्यक्ष झाली नाही. कारण उघड होते. जी वृद्धा पंधरा-सोळा अंशांत शाल गुंडाळून बसत होती, तिने घर झाकल्यावर बचतीचा काही भाग ऊब म्हणून घेतला. याला तूट म्हणणारा मनुष्य त्या खोलीत एक रात्र राहिलेला नसावा.

न्यूझीलंडात हे मोजूनच दाखविण्यात आले. फिलिपा हाउडन-चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१-०२ मध्ये श्वसनाचा त्रास असलेली माणसे राहात होती अशी सुमारे १,३५० घरे निवडली. निम्मी आधी झाकली, निम्मी वर्षभराने. झाकलेल्या घरांतील शयनगृहे हिवाळ्यात सरासरी अर्ध्या अंशाने उबदार होती. ऊर्जा इतरांच्या ८१ टक्के लागली. अर्धा अंश म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण त्या घरांतील मुलांचे शाळेचे खाडे कमी झाले आणि छातीची घरघरही कमी झाली. २००७ मध्ये हे निष्कर्ष छापले गेले, आणि २००९ पासून तेथील सरकारने लाखो घरांसाठी अनुदान खुले केले.

घाईने मात्र घात होतो. ऑस्ट्रेलियाने त्याच २००९ मध्ये मंदीवर उतारा म्हणून अशीच योजना धडाक्याने काढली. नवशिके कारागीर माळ्यांवर चढले, चार तरुण कामगार मेले, आणि २०१० च्या फेब्रुवारीत योजना बंद करावी लागली. ब्रिटनने २०१३ मध्ये अनुदानाऐवजी कर्ज देऊन पाहिले. ते बिलातून फेडावयाचे होते. जेमतेम १४ हजार घरांनी ते घेतले, आणि २०१५ मध्ये सरकारने हात आखडला. पुढे २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने वायू भडकला, तेव्हा सर्वसाधारण घराचे बिल वर्षाला २,५०० पौंडांच्या आसपास रोखण्यासाठी सरकारी तिजोरीतून अब्जावधी पौंड ओतावे लागले. न सांधलेल्या रांजणातच ते पडले.

राहिला भाडेकरूंचा प्रश्न. बिल भाडेकरू भरतो, भिंत मालकाची असते. मग मालकाने पदरमोड का करावी? न्यूझीलंडने १ जुलै २०१९ पासून भाड्याच्या घरांचा माळा आणि जमिनीखालचा भाग, जेथे शक्य आहे तेथे, झाकणे मालकावर बंधनकारक केले.